आई-बाबांना घेऊन लेवुकाला जावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही ऑक्लंडला असता, आई-बाबा पुण्याहून आलेत, दोघंही साठीच्या पुढचे, शाकाहारी, आणि बाबांचा गुडघा जिना दिसला की कुरकुरतो. जुलैच्या सुट्टीत आठवडाभर त्यांना फिजीला न्यायचंय. रिसॉर्टमध्ये लोळण्यापेक्षा एखादं जुनं, खरं गाव दाखवावं म्हणून ओवालाऊ बेटावरचं लेवुका तुमच्या मनात भरलंय. एका दिवसात होईल का, बीच कसा आहे आणि जेवणाचं काय, हे तुम्ही विचारलंत. मी बरीच वर्षं सुवात, फिजीच्या राजधानीत, राहतो आणि छोट्या गटांना या बेटांवर घेऊन जाण्याचंच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बीचचा विषय आधी संपवू. लेवुकाला बीच नाही. मुख्य रस्त्याचं नाव बीच स्ट्रीट आहे, आणि त्या नावाला भुलून लोक पोहायचे कपडे घेऊन येतात. रस्त्याच्या एका बाजूला लाकडी दुकानांची ओळ, दुसऱ्या बाजूला बांधलेली समुद्राची भिंत, आणि भिंतीखाली ओहोटीला उघडे पडणारे दगड. पोरं त्या भिंतीवरून पाण्यात उड्या मारतात, पण वाळूत पाय पसरून बसायची सोय गावात नाही. वाळू हवी असेल तर दक्षिणेकडच्या लेलेउवियासारख्या छोट्या बेटावर होडीनं जावं लागतं, आणि तो वेगळा बेत आहे.

आता मुळावर येतो. तुम्ही विचारलंत बीच आणि दिवसांबद्दल, पण ठरवायचं आहे ते हे, की जिथे 'बघायची ठिकाणं' एका सकाळीत संपतात अशा गावात आई-बाबा रमतील का? काही जण अशा गावात ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलत दिवस काढतात आणि परत आल्यावर तेवढंच सांगत राहतात. काहींना दुपारी तीनला 'आता पुढे काय?' असं होतं. तुमचे आई-बाबा कुठल्या जातकुळीतले, ते तुम्हालाच ठाऊक. दुसऱ्या प्रकारातले असतील तर सरळ रिसॉर्टवाल्या कोरल कोस्ट किनाऱ्याला जा. त्यात काही कमीपणा नाही.

पहिल्या प्रकारातले असतील, तर हे गाव असं का आहे ते त्यांना आधी सांगून ठेवा. नाहीतर नुसती जुनी दुकानं दिसतात.

लेवुकाच्या पाठीशी ज्वालामुखीचा डोंगर जवळजवळ सरळ उभा आहे आणि पुढे प्रवाळाची रांग. त्या रांगेत जहाज आत घेता येईल अशी वाट आहे आणि आत नांगर टाकायला निवांत पाणी. एकोणिसाव्या शतकात चंदन, समुद्रकाकडी, देवमाशाचं तेल यांच्या मागे फिरणाऱ्या गलबतांना एवढं पुरेसं होतं. 1820च्या दशकापासून गोरे खलाशी आणि व्यापारी इथे स्थायिक होऊ लागले. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धात कापसाचा भाव भडकला आणि कापूस पिकवायला माणसं फिजीकडे धावली, तेव्हा लेवुकाला ऊत आला. रस्ताभर दारूचे गुत्ते होते. वाहत येणाऱ्या रिकाम्या बाटल्यांचा माग काढत जहाजं बंदरात शिरायची, ही गोष्ट इथला प्रत्येक जण सांगतो. ऐकायची आणि हसायचं, पुरावा मागायचा नाही.

10 ऑक्टोबर 1874 रोजी मुख्य सरदार थाकोम्बाऊ आणि इतर सरदारांनी गावाच्या दक्षिण टोकाला, नासोवा इथे, फिजी ब्रिटिशांच्या स्वाधीन केल्याच्या करारावर सह्या केल्या. लेवुका वसाहतीची पहिली राजधानी झालं. पण ज्या डोंगरानं बंदर राखलं त्यानंच गाव अडवलं. डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत वाढायला जागाच नव्हती. 1882 मध्ये राजधानी सुवाला गेली, पैसा तिकडे गेला आणि पाडून नवं बांधायची ऐपत आणि गरज दोन्ही उरली नाही. म्हणून लाकडी दुकानं, 1858चं सेक्रेड हार्ट चर्च, 1879ची शाळा, 1898चं टाउन हॉल, हे सगळं तग धरून राहिलं. 2013 मध्ये युनेस्कोनं लेवुकाला जागतिक वारसा म्हणून घेतलं. तरी हे संग्रहालय म्हणून जपलेलं गाव नाही. त्याच ओळीत किराणा आहे, बँक आहे, शाळेच्या गणवेशातली पोरं आइस्क्रीम खात उभी असतात. रंग उडालेले आहेत, पत्रे गंजलेले आहेत, आणि 20 फेब्रुवारी 2016च्या विन्स्टन वादळानं या बेटाला बरंच झोडपलं होतं. फोटोतल्यासारखं चकचकीत काही शोधू नका.

एक गोष्ट मात्र मी आपल्याकडच्या प्रत्येकाला दाखवतो. धक्क्याच्या भिंतीवर उभं राहून दक्षिणेकडे पाहिलं की किनाऱ्यालगत एक छोटं हिरवं बेट दिसतं, यानुथा लाइलाइ. फिजीला आणलेल्या हिंदी गिरमिटियांचं, म्हणजे कराराच्या मजुरांचं, पहिलं जहाज, लिओनिडास, कलकत्त्याहून निघून 14 मे 1879 रोजी लेवुकाच्या पाण्यात आलं. त्यात 463 माणसं होती. वाटेत जहाजावर कॉलरा आणि देवीची साथ पसरली होती, म्हणून त्यांना गावात पाऊल ठेवू दिलं नाही. त्या बेटावर झोपड्या उभारून विलगीकरणात ठेवलं. म्हणजे फिजीतल्या हिंदी माणसाचा पहिला मुक्काम तो, समोर गाव दिसतंय आणि जायची मुभा नाही.

ही माणसं का आणावी लागली, याचाही एक धागा याच बंदरात आहे. करार झाल्यावर थाकोम्बाऊ सिडनीला जाऊन आले. जानेवारी 1875 मध्ये ज्या जहाजानं ते परतले, त्यातून गोवर आला. बेटवासीयांच्या अंगात त्याला तोंड द्यायची ताकदच नव्हती. सुमारे 40 हजार माणसं गेली, देशातल्या दर चारांतला निदान एक. मागे उरलेल्यांना उसाच्या मळ्यावर जुंपायचं नाही असं गव्हर्नर आर्थर गॉर्डन यांनी ठरवलं, आणि मजूर हिंदुस्थानातून मागवले. 1916 पर्यंत 60 हजारांहून अधिक आले, बहुतेक अवध-भोजपूरकडचे, 1903 नंतर मद्रासकडूनही. आपल्या मराठी मुलखातली माणसं त्यात अगदी तुरळक. पण आई-बाबांना नांदीला (मुख्य विमानतळ तिथे आहे) उतरल्यावर टॅक्सीवाला हिंदी बोलताना ऐकू येईल, तुळशीचं वृंदावन आणि अंगणात लाल झेंडे लावलेली घरं दिसतील, तेव्हा ते सगळं कुठून सुरू झालं हे लेवुकाच्या भिंतीवरून बोट करून दाखवता येतं. सुवाच्या किंवा नांदीच्या नेहमीच्या सहलींत ही जागा येत नाही. माझ्या मते लेवुकाला यायचं हे एकच कारण पुरेसं आहे.

आता जाण्या-येण्याचं. इथेच बहुतेकांचे बेत फसतात.

सुवाहून नेहमीचा मार्ग बस-फेरी-बस असा आहे. बस दीडेक तासात नातोवीच्या धक्क्यावर नेते, तिथून फेरी साधारण तासाभरात ओवालाऊच्या बुरेसाला धक्क्यावर, आणि पुढे पुन्हा बस, बेटाच्या कडेकडेनं कच्च्या रस्त्यानं लेवुकापर्यंत. सगळं मिळून चार ते पाच तास धरा. परतीची गाडी लेवुकाहून बहुधा पहाटे, उजाडायच्या आत निघते. वेळा बदलतात, बोट दुरुस्तीला गेली की रद्दही होतात. म्हणून एका दिवसात जाऊन येणं हा विषयच सोडा. दुपारी पोचाल, पहाटे निघाल, आणि आईला फक्त बसच्या खिडकीतली धूळ आठवेल. दोन रात्री हव्यात. सुवाजवळच्या नाउसोरी विमानतळावरून लहान विमानानंही बेटावर जाता येतं, हवेत जेमतेम पाव तास. पण ती सेवा कधी असते, कधी बंद पडते, सामानाला वजनाची मर्यादा असते, आणि धावपट्टी बेटाच्या पलीकडच्या अंगाला असल्यानं गावात यायला गाडी लागतेच. बाबांचा गुडघा बघता विमान चालू असेल तर जाताना विमान आणि येताना फेरी असं करा. फेरीचा अनुभव एकदा घ्यायलाच हवा, दोनदा नाही.

फेरीत एक बारीक गोष्ट. गाड्या चढतात त्या पोलादी उतारावरूनच प्रवासी चढतात, आणि तो ओला असतो. आईला साडी नेसायची असेल तर त्या दिवशी नको. पंजाबी ड्रेस आणि मागे पट्टा असलेल्या चपला. वरच्या डेकवर बसवा, खाली डिझेलच्या वासानं मळमळतं. गोळी आधीच द्या.

सगळ्यात महत्त्वाचं, लेवुकाहून परतण्याचा दिवस आणि ऑक्लंडच्या विमानाचा दिवस यांत एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा. सुवा ते नांदी रस्त्यानं चारेक तास आहेत. समुद्र खवळला आणि फेरी सुटली नाही तर पर्यायी मार्ग असा काही नसतो, बसून राहावं लागतं. म्हणून लेवुका आठवड्याच्या सुरुवातीला उरका. आधी लेवुका, मग सुवा, शेवटी नांदीकडे दोन दिवस आराम. उलटं लावलंत तर शेवटचे दोन दिवस आभाळाकडे बघण्यात जातील.

वाराचंही गणित आहे. रविवारी लेवुका बंद असतं. अगदी बंद. दुकानं, बाजार, खानावळी, आणि बहुतेक वाहतूकही. शनिवारी दुपारनंतरच शटर पडायला लागतात. नवख्या माणसाला मी सोमवार ते बुधवार सांगतो. पण तुमच्या आईला भजन-कीर्तनाची आवड असेल तर शुक्रवारी जाऊन रविवार तिथेच काढा, फक्त राहत्या घरी जेवणाची सोय आधी बोलून ठेवा. सकाळी चर्चमध्ये वाद्याशिवाय चार सुरांत गातात ते बाहेर रस्त्यावरही ऐकू येतं, आणि मागच्या बाकावर शांत बसलेल्या पाहुण्याला कोणी उठवत नाही. सेक्रेड हार्टच्या मनोऱ्यावरचं घड्याळ दर तासाचे टोल दोनदा देतं, मध्ये मिनिटभर थांबून. पहिले टोल मोजायचे राहिले तरी चालतं!

जेवण. इथे तुम्ही उगाच घाबरलात असं मी म्हणणार नाही, लेवुका लहान आहे आणि खानावळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. गावाच्या दक्षिणेला पाफकोचा ट्यूना डबाबंद करायचा कारखाना आहे, अर्धं गाव त्यावर जगतं, आणि वारा तिकडून आला की माशाचा वास घरात येतो. आईला हे आधी सांगा, म्हणजे तिथे गेल्यावर नाक मुरडायला नको. 'व्हेजिटेरियन' म्हटल्यावर कोंबडी काढतील आणि ट्यूना तसाच ठेवतील, कारण मासा हे त्यांच्या लेखी मांस नाही. तेव्हा 'मासे नाही, अंडं नाही' असं मोजून सांगा. इंग्रजी सगळ्यांना येतं, हिंदी वंशाच्या दुकानदाराशी साधी हिंदी चालते.

यावर माझा तोडगा ठरलेला आहे. हॉटेलऐवजी घरगुती राहण्याची जागा घ्या, जिथे स्वयंपाकघर वापरू देतात, आणि बाजारात जा. बाजारात वांगी, भेंडी, भोपळा, कसावा, पपई, केळी, नारळ मिळतात. दालो म्हणजे आपल्या अळूचाच मोठा कंद, आणि त्याच्या पानांना रोरो म्हणतात. नारळाच्या दुधात शिजवलेला रोरो आईच्या पुढे ठेवा, ती म्हणेल चिंच-गूळ घालायचा राहिला, एरवी हे आपलं फदफदंच. (खाज सुटू नये म्हणून तेही पानं चांगली शिजवतात, घाई करू नका.) नीरफणसही मिळतो, त्याचे काप तव्यावर टाका. डाळ, तांदूळ, हळद, जिरं सगळं सुवात घ्या, लेवुकात मिळेलच असं धरून चालू नका. सुवाच्या बाजारात सकाळी बायका बटाट्याची किंवा फणसाची भाजी भरलेल्या गुंडाळलेल्या रोट्या विकतात, प्रवासाच्या दिवशी त्या बांधून घ्या.

भारतातून किंवा ऑक्लंडहून लाडू-चिवडा न्यायचा असेल तर विमानतळावरच्या अर्जावर 'खाण्याचं सामान आहे' असं लिहा. फिजी दुधाच्या पदार्थांबाबत कडक आहे आणि परत येताना न्यूझीलंड त्याहून कडक. लिहिलं तर फार तर काढून घेतील, लपवलं तर दंड.

राहण्याबद्दल एवढंच. रॉयल हॉटेल हे दक्षिण पॅसिफिकमधलं फार जुनं हॉटेल, 1860च्या दशकात सुरू झालेलं. दिवाणखाना बघायला जरूर जा. पण राहण्यासाठी, गुडघा दुखत असताना, मी तळमजल्याची खोली कुठे मिळते हे बघेन, इतिहास नंतर. गावातली बरीच घरं डोंगराच्या उतारावर आहेत, आणि 'समुद्र दिसतो' असं जाहिरातीत लिहिलं असेल तर पायऱ्या नक्की आहेत. फोन करून पायऱ्या किती ते विचारा. मिशन हिलच्या 199 पायऱ्या बाबांनी चढू नयेत, तुम्ही एकटे सकाळी जाऊन या. त्यांना त्या वेळी जुन्या मॉरिस हेडस्ट्रॉमच्या दुकानात भरलेलं छोटं संग्रहालय दाखवा, तिथे सपाट चालायचं आहे. नासोव्याचा करारस्तंभही सपाट रस्त्यावर आहे, गावापासून रमतगमत अर्ध्या तासाच्या आत.

लोवोनी म्हणजे बेटाच्या मधोमध, विझलेल्या ज्वालामुखीच्या तोंडात वसलेलं गाव. थाकोम्बाऊंना लढाईत इथले लोक कधी नमले नाहीत. 1871 मध्ये तहाच्या नावाखाली बोलावून त्यांना निःशस्त्र केलं आणि मळ्यांवर मजूर म्हणून विकलं. हे तिथलेच लोक सांगतात तेव्हा ऐकण्यासारखं असतं. कॅरियर नावाच्या मागे बाकं टाकलेल्या ट्रकनं जाता येतं, पण धक्के बसतात. बाबांसाठी टॅक्सी ठरवा. आणि कुठल्याही गावात आपणहून शिरू नका. सोबत वाटाड्या हवा आणि हातात यंगोनाच्या, म्हणजे कावा या पेयाच्या झुडपाच्या, मुळ्यांची जुडी. ती बाजारात वर्तमानपत्रात गुंडाळून मिळते. गावच्या मुखियापुढे ठेवायची, तो दोन शब्द बोलतो, मग तुम्ही पाहुणे. टोपी आणि गॉगल गावात काढायचे, खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, आणि लहान मुलाच्या डोक्यावरून कौतुकानं हात फिरवायचा नाही. ही शेवटची गोष्ट आईला दोनदा सांगा, आपल्या हाताला ती सवय फार.

त्यानंतर तानोआ नावाच्या लाकडी वाडग्यात ती मुळी कालवून करवंटीतून देतात. मातकट पाणी, चव कडसर, जीभ आणि ओठ बधिर होतात. घेण्याआधी एकदा टाळी, प्यायल्यावर तीनदा. थोडीच हवी असेल तर 'लो टाइड' म्हणायचं, सगळे हसतात आणि तळाशी घोटभरच देतात. बाबा रक्तदाबाच्या किंवा यकृतावर ताण देणाऱ्या गोळ्यांवर असतील तर त्यांनी घेऊच नये. औषध चालू आहे म्हणून हात जोडले तर कोणी वाईट वाटून घेत नाही.

जुलै चांगला निवडलात. नोव्हेंबर ते एप्रिल वादळांचा काळ, मे ते ऑक्टोबर कोरडा. पण 'कोरडा' हा शब्द नांदीकडे लागू पडतो. लेवुका पूर्वेच्या अंगाला, आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्यांच्या तोंडावर, मागे डोंगर, त्यामुळे जुलैमध्येही पाऊस येतो. छत्री आणि एक पातळ स्वेटर ठेवा. डासांचं मलम विसरू नका, डेंग्यू आहे. गावातलं हॉस्पिटल लहान आहे, गंभीर काही झालं तर सुवा गाठावी लागते, म्हणून आई-बाबांचा प्रवासविमा फिजीसाठी चालतो ना ते पाहा. रोख फिजी डॉलर सुवातच काढा.

कागदपत्रांचं एक. भारतीय पासपोर्टवर फिजीचा व्हिसा आधी काढावा लागत नाही, परतीचं तिकीट आणि सहा महिन्यांची मुदत लागते. तिकिटाआधी नियम एकदा तपासा. अडचण फिजीत शिरण्याची नसते, न्यूझीलंडला परत शिरण्याची असते. आई-बाबांचा व्हिजिटर व्हिसा पुन्हा प्रवेश देणारा आहे का, की एकदाच, ते आजच उघडून बघा. तो एकदाचाच असेल तर बाकी सगळं वाचून उपयोग नाही.

तो ठीक असेल तर क्रम असा लावा. आधी फेरीच्या कार्यालयाला फोन करून त्या आठवड्याचे दिवस आणि वेळा विचारा, मग लेवुकातली खोली, आणि नांदीचं विमान सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक हे उलट करतात.